तेरा देणारी गाडी

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या एका खोट्यामुळं एका माणसाला चोर ठरवलं गेलं, आणि ते होताना मी समोरच्या खुर्चीवर बसून चहा पीत होतो. बायकोला या गोष्टीचा पुढचा भाग माहीत नाही. थोरल्या बहिणीच्या यजमानांना मागचा माहीत नाही. दोन्ही भाग माहीत असलेले आम्ही दोघंच, मी आणि तो माणूस.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आम्ही बदामी आणि हंपी बघायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुनंदा आणि सहा वर्षांची मुलगी पद्मा. मी कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. तेव्हा माझ्याकडं स्कूटर होती. गाडी दिली दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या यजमानांनी. उचगावात त्यांची छोटी फाउंड्री. गाडी मोठी, पांढरी, डिझेलवर चालणारी आणि एसी असलेली. गाडीबरोबर ड्रायव्हरही दिला, शामराव कांबळे. मूळचे नेसरीचे. नऊ वर्षं दाजींच्याकडं होते.

दाजींची एकच अट होती. ती सांगण्याआधी त्यांची सवय सांगायला हवी. दाजी प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत, "किती देते?" म्हैस असो, उसाचं रान असो, गाडी तर असोच. गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरायची, बंपर धरून गाडी हलवायची, बुडबुडे निघाले की आणखी थोडं घालायचं, आणि मग आकडा डायरीत. लिटरमागं किती किलोमीटर गाडी चालली, याला आमच्याकडं सगळे ॲव्हरेज म्हणतात. दाजींची गाडी तेरा द्यायची. ते तेरा त्यांनी पाहुण्यांना मुलाच्या मार्कांसारखे सांगितलेले मी ऐकलेत.

"न्या की गाडी," दाजी म्हणाले, "पण एसी लावायचा न्हाय. तेरा देणारी गाडी दहावर येती. खिडक्या उघड्या टाका, वारं काय थोडं हाय व्हय?"

"छे हो दाजी, एसी कशाला," मी म्हणालो.

तवंदीचा घाट

पहाटे निघालो. पुढच्या सीटवर मी, मागं सुनंदा आणि पद्मा. सुनंदानं चार दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून घेतली होती, कांदालसूण नसलेली. आम्ही जैन. त्यातही सुनंदा सूर्यास्ताआधी जेवण्याचा नियम कडक पाळते, त्यामुळं आमचा सगळा प्रवास उजेडाच्या हिशेबानं चालतो. शामरावांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग झ्याक. आमचं बी जेवाण येळंवर."

निपाणी आणि पुढचा तवंदीचा घाट संपेपर्यंत गार होतं. बेळगावात कुंदा घेतला. आमचा कंदी पेढा कोरडा, शिस्तीचा. हा कुंदा ओलसर, करपट गोड, बोटांना सोडत नाही. पद्मानं तो सीटला पुसला. शामराव फडकं भिजवून सीट पुसत बसले. बेळगाव सोडलं तेव्हा दहा वाजले होते आणि उन्हानं डांबर चकाकायला लागलं होतं. उघड्या खिडकीतून येत होती ती हवा नव्हती, तव्यावरची वाफ होती. पद्मा रडायला लागली. तिचा चेहरा लाल झाला होता हे खरं. पण मलाही घाम सहन होत नव्हता, हेही खरं, आणि मी नाव पद्माचं घेतलं.

"शामराव, जरा एसी लावा. पोरीला त्रास व्हायलाय."

"सर, मालकांनी न्हाय म्हणून सांगितलंय."

"मी सांगतो दाजींना."

"त्ये आकडा बगत्यात, सर. आकडा पडला की माज्या नावावर पडतोय."

मी वर्गात शुद्ध बोलतो. ड्रायव्हर, शिपाई, भाजीवाली यांच्याशी बोलताना माझ्या तोंडात 'हाय' आणि 'न्हाय' येतं. लोकांना ती आपुलकी वाटते. मला आता वाटतं, त्यात काम काढून घेण्याचा भाग जास्त असतो. तेव्हाही मी तसाच बोललो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी हाय की!"

या 'की'ला आमच्या भागात वजन असतं. "येतो" म्हणणारा येईलच असं नाही; "येतो की" म्हणणारा येतो. शामरावांनी माझ्याकडं एकदा बघितलं, काचा वर केल्या आणि बटण फिरवलं. डॅशबोर्डमधून टक् असा आवाज आला आणि इंजिन क्षणभर दबल्यासारखं झालं.

"ऐकलासा?" शामराव म्हणाले. "कॉम्प्रेसर धरला. आता इंजान दोन कामं करतंय. चढाला मी बंद करनार हं सर, उताराला लावनार. तेवढंच डिझेल वाचतंय."

आणि खरोखर प्रत्येक चढाला त्यांचा हात बटणाकडं जायचा. मला ते आवडेना. हवा गार होते न होते तोच बंद. तिसऱ्या चढाला मी म्हणालो, "राहू द्या हो लावलेला." त्यांनी राहू दिला.

बदामी

सौंदत्तीपुढची काळी रानं मागं पडली आणि रामदुर्गानंतर दगड लाल व्हायला लागला. बदामीत तो इतका लाल आहे की मावळतीला डोंगर आतून पेटल्यासारखा दिसतो. मध्ये हिरवट तळं, त्याच्या पायऱ्यांवर कपडे आपटणाऱ्या बाया, आणि त्या आवाजाचा समोरच्या कड्यावरून परत येणारा आवाज. एक बाई आपटते, दोन ऐकू येतात.

खाणावळीच्या मालकानं "बर्री, कुंदर्री" म्हणून या-बसा केलं. माझी आजी घरात कन्नड बोलायची, त्यामुळं ते दोन शब्द ऐकून जेवणाआधीच पोट भरलं. ज्वारीची भाकरी आमच्यासारखीच, पण कागदासारखी पातळ. वांग्याची भाजी कांद्याशिवाय करून मागितली तर त्यानं विचारलं, "जैनरु?" मान हलवल्यावर त्यानं वेगळा तवा घेतला. अशी तत्परता आमच्याकडं एखाद्याच ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी लेणी बघितली. चौथं लेणं सर्वांत वर, सर्वांत लहान आणि आमच्या तीर्थंकरांचं. बाहुबलींच्या पायांवर वेली चढलेल्या. सुनंदा बराच वेळ हात जोडून उभी होती. माकडानं तिची पिशवी ओढली, त्यातला चष्मा काढला, वास घेतला आणि तुच्छतेनं टाकून दिला.

खाली आलो तर गाडीभोवती दहाबारा माणसं. पद्मा दमून मागच्या सीटवर झोपली होती, म्हणून मी शामरावांना इंजिन आणि एसी चालू ठेवून तिच्याजवळ थांबायला सांगितलं होतं. तासभर गाडी जागच्या जागी धडधडत होती आणि खाली पाण्याचं थारोळं झालं होतं. "डिझेल लीक! डिझेल लीक!" एकजण ओरडत होता. विडी ओढणारा दुसरा घाईनं लांब पळाला.

शामराव खाली वाकले, थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. "पाणी हाय ओ. हवेतलं पाणी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, तुमी सांगा ह्यास्नी. तुमचा इषय हाय."

आणि मी सांगितलं! मोडक्या कन्नडमध्ये, हातवारे करून, हवेतली वाफ गार नळीवर कशी जमते ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. शामराव कौतुकानं ऐकत होते. गाडीतलं मला काय काय कळत होतं, हे त्या दिवशी बदामीच्या चौकात दहाबारा माणसांनी पाहिलं आहे.

हंपी

हंपीला दगडांचं राज्य. कुणी राक्षसानं टोपलीतून ओतावेत आणि मोजायला विसरावं असे डोंगर. त्यांच्यामधून तुंगभद्रा वाहते आणि तिच्यात गोल टोपलीसारख्या नावा. नावाडी मुद्दाम गरगर फिरवतो. पद्मा हसत होती, सुनंदा णमोकार मंत्र म्हणत होती. दगडी रथाजवळ उभा राहिलो तेव्हा चपलेतून चटके बसत होते. एवढी राजधानी, आणि सावलीला आलेल्या दोन म्हशी तिच्या मालकिणी. आमच्या पन्हाळ्यावर गेलं की पडकं असूनही गाव जिवंत वाटतं. इथं मात्र मी दबक्या आवाजात बोलत होतो.

दुपारी आम्ही विरूपाक्षाच्या देवळाच्या सावलीत बसलो आणि शामराव एकटेच हॉस्पेटला जाऊन डिझेल भरून आले. पावती त्यांनी माझ्यापुढं धरली.

"सर, लई प्यायलीय. सही करता काय मागं? एसी लावल्याला म्हणून दोन शबूद लिवा."

"अहो, घरी गेल्यावर सांगतो की," मी म्हणालो. हातात दशमी होती, बोटांना तूप लागलेलं. त्यांनी पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली.

येताना धारवाडला पेढे घेतले. हुबळी, बेळगाव, तवंदी. सगळ्या वाटेवर गार. शामराव आता चढालाही एसी बंद करत नव्हते.

उचगाव

पोचलो तेव्हा चार वाजले होते. शामरावांनी वाटेतच नेहमीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, बंपर धरून गाडी हलवली. दाजी अंगणात उभे होते, फाउंड्रीतले दोघंतिघं आणि शेजारचे पाटीलही होते. सुनंदा पद्माला खांद्यावर घेऊन आक्काबरोबर आत गेली. पोर झोपेत होती, नाहीतर तिनंच सांगून टाकलं असतं.

"काय पावणं, भाजून आलासा का न्हाय?" दाजी हसत म्हणाले. "एसी लावला न्हाईसा न्हवं?"

"छे! खिडक्या उघड्या टाकून गेलो की."

का असं म्हणालो? दहा वर्षं मी याचं उत्तर शोधतोय, आणि जे सापडतं ते फार लहान आहे. चार लोकांसमोर दाजींची अट मोडली हे कबूल करायची लाज वाटली. माझ्या पगारात गाडी घेणं बसत नव्हतं, आणि मागून आणलेल्या गाडीत मी साहेबासारखा थंडाव्यात बसलो, हे पाटलांना कळायला नको होतं. शामराव तेव्हा गाडीच्या पलीकडं काच पुसत होते. फडकं थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी दाजींनी बोलावलं. फाउंड्रीच्या ऑफिसात तीच माणसं बसलेली. शामराव दाराशी उभे. दाजींच्या पुढं डायरी आणि पावत्या.

"आठशेवीस किलोमीटर. शहात्तर लिटर. सांगा बगू किती झालं?"

दाजींनी स्वतःच भागाकार केला.

"पुरं अकरा बी न्हाईत! तेरा देणारी गाडी. शामराव, तेरा लिटर डिझेल कुठं गेलं?"

"मालक, गाडी जेवढं प्याली तेवढंच भरलं."

"मग प्याली का? इंजान तेच, रस्ता चांगला, एसी बंद. हॉस्पेटात तू एकटाच गेलतास न्हवं पंपावर?"

"व्हय."

पाटील हसले. "आवो, ड्रायव्हरची जात. टाकीत नळी घातली की झालं." 'जात' हा शब्द ते सहज बोलले की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. पण खोलीतल्या कुणालाही संशय पटायला वेळ लागला नाही. तो का लागला नाही, हे मला कळत होतं. शामरावांच्या जागी दाजींचा एखादा पुतण्या उभा असता, तर आधी इंजिन तपासलं असतं, पंपाचं माप तपासलं असतं.

शामरावांनी आवाज चढवला नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सरास्नी इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. आक्कानं नुकताच चहा ठेवला होता. मी बशीत ओतला. नववीच्या वर्गात मी दरवर्षी शिकवतो: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, एका रूपातून दुसऱ्यात जाते. ते तेरा लिटर कुठं गेले, हे त्या खोलीत माझ्याइतकं नेमकं कुणालाच सांगता आलं नसतं. आमच्या तिघांच्या गार झालेल्या कातडीत गेले होते.

"मला गाडीतलं काय कळतंय, दाजी?" मी म्हणालो.

शामराव माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघत राहिले. रागानं नाही. चुकीच्या पत्त्यावर पोचल्यावर माणूस दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचतो, तसे. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि डायरीवर ठेवली.

"बरं," म्हणाले, आणि गेले.

घरी सुनंदानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, शामराव गावाकडं शेती बघायला गेले. आमच्यात भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमेचा दिवस येतो. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, सगळे एकमेकांसमोर हात जोडतात: वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. मी दरवर्षी दाजींसमोर हात जोडले, दाजींनी माझ्यासमोर. अशा घाऊक माफीचा एक फायदा आहे. कशाबद्दल, ते सांगावं लागत नाही.

नेसरी

दोन हजार आठच्या मे महिन्यात मी स्वतःची छोटी गाडी घेतली. एसी आहेच. पहिल्याच आठवड्यात टाकी गळ्यापर्यंत भरून निपाणीला जाऊन आलो, एकदा एसी बंद ठेवून, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी लावून. पहिल्यांदा अठरा, दुसऱ्यांदा साडेपंधरा. वहीत लिहिलं. प्रयोगाची खरं तर गरज नव्हती. उशीर करायला कारण हवं होतं, आणि ते दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी मी एकटाच नेसरीला गेलो.

गडहिंग्लज सोडलं की रस्ता वळणं घेत चढतो, दोन्हीकडं काजूची झाडं, मध्येच भाताची मोकळी रानं. स्टँडजवळच्या किराणा दुकानासमोर गाडी उभी केली. फळीवर चारपाच जण बसले होते.

"कुनाकडं आलाय पावणं?" दुकानदारानं विचारलं.

"शामराव कांबळ्यांकडं."

"कंचं शामराव? हितं तीन हाईत." मग स्वतःच म्हणाला, "डिझेल शामराव व्हय? कोल्हापुरात मालकाचं डिझेल मारल्यालं त्ये?"

त्याच्या आवाजात कुचेष्टाही नव्हती. लंगडा, टकला म्हणावं तसं त्यानं म्हटलं. मी त्याला "ते नव्हेत" म्हणू शकलो असतो. मी मान हलवली, आणि त्यानं पत्ता सांगितला.

शामराव ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. केस पांढरे झालेले. मला बघून उठले आणि म्हणाले, "या सर. पानी घ्या." घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. त्यांच्या मंडळी पाणी देऊन आत गेल्या. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो:

"शामराव, मी खोटं बोललो. एसी मी लावायला सांगितला होता."

"व्हय," ते म्हणाले. "मी व्हतो की गाडीत."

त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या.

"तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"सांगून? मालकांनी तुमाला इचारलं असतं. तुमी न्हाय म्हणाला असता. मग मी चोर बी आन लबाड बी." त्यांनी हातातली टरफलं बाजूला टाकली. "उचगावात दोघंतिघांकडं गेलतो कामाला. सगळ्यास्नी म्हाईत. मग आलो हिकडं. हितं बी माज्या आदी बातमी पोचल्याली."

"माझं चुकलं. मला माफ करा."

"मला सांगून काय उपेग, सर? मला म्हाईतच हाय." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा वर गेला. "ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांगा की. मालकास्नी सांगा. त्या पाटलास्नी सांगा. जाता जाता त्या दुकानात सांगा. माजी नात साळंला जाती, तिला पोरं डिझेलची नात म्हनत्यात. माफी माज्याकडं कशाला मागताय?"

मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा. दिस मावळायच्या आदी जेवता न्हवं तुमी? जेवून जावा."

भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी. ताट ठेवताना त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "लसून न्हाय घातल्याली. ह्यांनी सांगितलंया." मी जेवलो. असं जेवण मी कधी जेवलो नाही, आणि घास इतका अवघड कधी गेला नाही.

परत निघालो तेव्हा दुकानाच्या फळीवर तीच माणसं होती. मी गाडी हळू केली. एकानं हात वर केला: "भेटलं का, पावणं?" मी "भेटले" म्हणालो आणि पुढं गेलो. हमरस्त्यावर उचगाव आलं. दाजींचं घर रस्त्यावरून दिसतं. अंगणात दिव्याखाली ते आरामखुर्चीत बसले होते, गुडघ्यावर शाल. तिथंही मी गाडी हळू केली, थांबवली नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. प्रवासाचं लिहायला बसलो ते हे लिहून बसलो. वाचणाऱ्यांत दाजी नाहीत. ते डायरीखेरीज काही वाचत नाहीत. छापून मोकळं होणं हीसुद्धा माझी पळवाटच आहे, हे मला कळतं.

एसी मी लावायला सांगितला. शामराव कांबळ्यांनी डिझेल चोरलं नाही. ही दोन वाक्यं उचगावात दाजींच्या आणि पाटलांच्या समोर, आणि नेसरीत त्या दुकानापुढं, माझ्या तोंडानं, ऐकू जाईल अशी बोलायची आहेत. ती मी अजून बोललेलो नाही.